सटवाचा अंगठा

"मामा, हलू नका. आता अजाबात हलू नका," उज्ज्वला म्हणाली, तसा सटवाने श्वासच रोखून धरला.

"आवं, अंगठा धराया सांगितलाय तिनं, दम न्हाई," चुलीपुढून कडूबाई नवऱ्यावर ओरडली. "सोडा दम. उगं घेरी यील."

सटवाने दम सोडला, पण अंगठा तसूभर हलू दिला नाही. समोर पाटावर सुनेचा, उज्ज्वलाचा, जुना लॅपटॉप होता. त्याच्या कडेला जिथे चार्जरची पिन आत जाते, तिथे खालून सटवाचा उजवा अंगठा रेटून धरलेला होता. पिन अलीकडे आतून पार ढिली झाली होती. वर दाबून धरली तरच करंट लागायचा, जरा सुटली की पडदा काळा. बॅटरी केव्हाच मेलेली. सकाळी पिनेला दोऱ्याने बांधून बघितलं, चिकटपट्टी लावून बघितली, खाली काडेपेटी सरकवून बघितली. पिन कशालाच जुमानेना. शेवटी सटवाच पुढे सरकला होता. "व्हय बाजूला. अडलेल्या शेळीचा पाय धरून दिवस दिवस बसलोय म्या. ही तर पिन हाय."

जन्मभर हा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवण्यापुरताच सरकारदरबारी कामाला आला होता. आज त्याला बढती मिळाली होती, असं म्हणायला हरकत नव्हती.

बाहेर कुंपणाच्या वाडग्यात शेळ्या ओरडत होत्या. उन्हं अंगणात उतरली तरी मालकाने फाटक काढलं नाही, हे त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं. सटवाच्याही घडलं नव्हतं. लेकाच्या लग्नात हळद लागायच्या आधी तो कळपाला पाणी पाजून आला होता, आणि वऱ्हाडी त्याला गावभर शोधत होते. पण आज शनिवार, उज्ज्वलाला सुट्टी, नात अंजू सकाळच्या शाळेत, आणि वायरमन धोंडीरामने शब्द दिला होता की दुपारपर्यंत लाईन जाणार नाही. वायरमनचा शब्द म्हणजे भाद्रपदातलं ऊन. आहे तोवर वाळवण उरकून घ्यावं.

हा लॅपटॉप परमेश्वरचा, म्हणजे सटवाच्या एकुलत्या एका लेकाचा. शेरडांमागे पुस्तक घेऊन फिरत फिरत तो शिकला आणि गेवराईला एका सरकारी ऑफिसात क्लार्क झाला. चकलांबा गावच्या त्यांच्या वस्तीवर खुर्चीत बसून पगार घेणारा तो पहिला माणूस. त्यानेच हा लॅपटॉप कुणाकडून तरी जुना म्हणून घेतला होता. मग काविळीचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस बघता बघता गेला. नोकरी अनुकंपेवर उज्ज्वलाला मिळाली. पण सरकारच्या अनुकंपेलाही अटी असतात. मराठी टायपिंगची परीक्षा ठरल्या मुदतीत पास झाली तर क्लार्कची खुर्ची राहणार, नाहीतर जाणार.

पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. ऑफिसातली मशीनं कामाला जुंपलेली असत. टायपिंगच्या क्लासला थांबावं, तर चकलांब्याची शेवटची गाडी निघून जायची. मुदतीत आता एकच परीक्षा बसत होती. सराव करायचा तर घरीच, आणि घरी होता हा लॅपटॉप. त्याची तऱ्हा अशी की बटण दाबून शेळी पिळायला बसावं, धार काढून, दूध गाळून परत यावं, तरी पडद्यावरचं वर्तुळ आपलं फिरतंच आहे. एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत पुढचं काय होतं ते विसरून जायचं.

मात्र एक होतं. वर्तुळ फिरून फिरून थांबलं की पडद्यावर परमेश्वरचा गोल फोटो यायचा आणि खाली त्याचं नाव. कडूबाई कधीमधी काम टाकून सुनेजवळ येऊन बसायची. तोंडाने काही मागायची नाही. उज्ज्वलाला कळायचं. ती मशीन लावायची. तेवढा फोटो बघून झाला की कडूबाई पदराने नाक पुसून परत कामाला लागायची.

उज्ज्वलाने तो लॅपटॉप पिशवीत घालून गेवराईला नेला, तौसीफच्या दुकानात. तौसीफ मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाइकाला फसवत नाही म्हणून त्याचं दुकान लहानच राहिलं आहे, असं लोक म्हणतात. त्याने मशीन उघडून पाहिलं.

"ताई, खरं सांगू का? दुसरा कुनीबी ह्याला भंगारात द्या म्हनंल," तो म्हणाला. "पर मशीन मेलं न्हाई. आतली विंडोज लई जड झालीया, अन् ह्याच्यात दम न्हाई. म्हाताऱ्या बैलाला उसाची गाडी जुंपल्यावानी झालंय. तिच्या जागी हलकं लिनक्स टाकू. जुन्या मशीनवर पळतंय, अन् फुकट हाय."

"किती दिवस लागतेल?"

"ठेवून जा. करून ठेवतो."

उज्ज्वलाने जरा विचार केला. "न्हाई भाऊ. मला दावा, मी करते. उद्या पुन्ना बिघडलं तर दर खेपेला चकलांब्याहून कशापायी पळत येऊ?"

तौसीफ हसला. त्याने पेनड्राईव्हमध्ये लिनक्स भरून दिलं. कुठलं बटण दाबून मशीन पेनड्राईव्हवर चालू करायचं, ते दोनदा करून दाखवलं. आतले सगळे फोटो दुसऱ्या पेनड्राईव्हवर काढून दिले. "आतलं समदं पुसलं जातंय, ताई, ध्यानात ठेवा. अन् एकदा पुसायला लागलं की मधी लाईट जाऊ देऊ नका. जुनंबी गेलं अन् नवंबी न्हाई, अशी गत होईल. म्हंजी मरत न्हाई ते, पर पुन्ना पहिल्यापासून करत बसा." ढिल्या पिनेचा भाग त्याच्याकडे नव्हता. तो संभाजीनगरहून मागवावा लागणार होता, आणि परीक्षा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

म्हणून आज सटवाचा अंगठा.

पडद्यावर निळसर खिडकी उघडली. सगळ्यात आधी तिने भाषा विचारली. यादीत मराठी दिसल्यावर उज्ज्वला हरखली. "मामा, मराठी हाय ह्याच्यात!"

"मग घे की मराठी. आपल्या घरात दुसरं कोन काय बोलतंय?"

तिने मराठी निवडलं. पुढचं पान आलं. उज्ज्वला वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. विभाजन, आरोहण, संस्थापना... लिनक्स कसं टाकायचं ते दाखवणारा व्हिडिओ तिने मोबाईलवर लावला होता, त्यात तर सगळं इंग्रजीत होतं, यातला एकही शब्द नव्हता.

"ही कुठल्या मुलखातली मराठी म्हनायची?" सटवाने विचारलं.

"पुस्तकातली असंल."

"पुस्तक लिवनाऱ्याच्या घरी तरी कुनी आसं बोलतं का?"

उज्ज्वला हसली आणि मागे जाऊन तिने मुकाट्याने इंग्रजी निवडलं. मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायला इंग्रजीच्या दारातून जावं लागलं, याचं सटवाला नवल वाटलं. पण सरकारी कामातली नवलं त्याने पुष्कळ पाहिली होती. मग जगाचा नकाशा आला. उज्ज्वलाने भारतावर टिचकी मारली तर खाली कलकत्ता असं उमटलं.

"कलकत्ता? आपून कुटं, कलकत्ता कुटं?"

"मामा, घड्याळाच्या टायमासाठी हाय ते. साऱ्या देशाला तेवढं एकच नाव हाय."

"आसं. म्हंजी आपलं घड्याळ कलकत्त्याला असतंय," सटवाने मान डोलावली. अंगठा मात्र जागचा हलला नव्हता. तो आता बधिर व्हायला लागला होता, आणि हे सुनेला कळू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. म्हाळू, सटवाचा चुलत पुतण्या, आपला कळप घेऊन माळाला निघाला होता. तो अंगणात येऊन दारातून डोकावला.

"तात्या, शेरडं वरडून मरायलीत अन् तुमी काय सुनंपुढं हात धरून बसलाव?"

"पिन धरलीया. हलता येत न्हाई. म्हाळू, आजच्या दिस माजी शेरडं घिऊन जा लेका."

म्हाळूला आधी खरंच वाटेना. सटवा आपला कळप दुसऱ्याच्या हाती देतो, हे कुणी ऐकलं नव्हतं. फाटक काढता काढता त्याने टोमणा मारलाच. "धरा, धरा पिन. पास झाली की सून बीडला बदली घेऊन उडून जाईल. मग बसा पिन धरून."

उज्ज्वलाची बोटं थांबली. कडूबाईने चुलीतलं लाकूड उगीचच पुढे सारलं. सटवाला राग आला, पण हात गुंतलेला, त्यामुळे तोंडानेच काम भागवावं लागलं.

"उडू दे की! पंख हायेत तर उडंल. तू बघ, तुला देवानं कोंबडा केलाय, उकिरड्याच्या भायेर जाता येत न्हाई."

म्हाळू हसत शेळ्या घेऊन गेला. सटवा सुनेकडे न बघता म्हणाला, "तू कर गं पुढं. ध्यान देऊ नगंस."

त्याला काही वाटलं नाही, असं नाही. हीच गोष्ट आजवर त्याच्या कानावर अनेकांनी घातली होती, आणि आड वेळेला ती त्याच्या स्वतःच्या मनातही येऊन गेली होती. तरणी पोर, हातात पगार. पण पिन सोडली असती तर त्याला स्वतःचीच लाज वाटली असती.

पुढच्या पानावर आतलं सगळं पुसायचं का, असा प्रश्न होता. उज्ज्वलाने व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहिला. "पुसायचं" याच्यावर खूण केली. "अजून पुसलं न्हाई," ती मागे न बघता म्हणाली, कारण कडूबाई पिठाच्या हातांनी तिच्या मागे येऊन उभी राहिल्याचं तिला जाणवलं होतं. "शेवटचं बटण दाबल्यावर पुसतंय."

मग मशीनने नाव विचारलं. चालू केल्यावर पडद्यावर कुणाचं नाव दाखवायचं ते. उज्ज्वलाने एकेक अक्षर शोधून दाबलं. सटवाला वाचता येत नव्हतं, पण फोटोखालचं लेकाचं इंग्रजी नाव या पडद्यावर इतक्यांदा पाहिलं होतं की त्याचा आकार तो कुठेही ओळखू शकत होता.

"परमाचं नाव घातलंस?"

"व्हय, ह्यांचंच ऱ्हाऊ देते," उज्ज्वला म्हणाली. "फोटोबी लावीन पहिल्यासारका. आत्याला बघायला."

कडूबाईचा उजळलेला चेहरा पाहून सटवाला वाटलं, आपण गप्प बसावं. काय बिघडतं? पण त्याच्याने गप्प बसवेना.

त्यांच्या घराण्यात एक रिवाज होता. कळपाच्या पुढे चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात पितळी घंटी असते. ती शेळी मेली की घंटी खुंटीला टांगत नाहीत आणि मातीतही घालत नाहीत. त्याच सांजेला काढून दुसरीच्या गळ्यात बांधतात. नाहीतर सकाळी फाटक काढलं तरी कळप तोंडाशीच घोटाळतो आणि कुणी पहिलं पाऊल उचलत नाही.

"पुस ते," सटवा म्हणाला.

"मामा?"

"पुस. तुपलं नाव घाल." त्याने अंगठा आणखी घट्ट रेटला. "पोरी, मेल्याली शेळी पडलीया अन् मी तिच्या गळ्यातली घंटी काढायलोय, आसं लई येळा झालंय. वाटतं, ऱ्हाऊ द्यावी आजची रात. पर न्हाई ठिवता येत. कळप उपाशी मरतो. आपून ही घंटी लई दिस त्येच्याच गळ्यात ठिवली. आता चालतीया कोन? तू चालतीस. मग नाव कुनाचं पायजे?"

चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. कडूबाईने विचारलं, "म्हंजी त्येचं नाव कुटंच ऱ्हानार न्हाई का?"

उज्ज्वला वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसली. "ऱ्हातंय की, आत्या. माज्या नावाच्या मधी हायेच की ते. उज्ज्वला, मग ह्यांचं, मग आडनाव. मला कुनी पुरं नाव इचारलं तर त्येंच्यावरून गेल्याबिगर मला पुढं जाताच येत न्हाई."

कडूबाईने पदराला हात पुसले आणि सुनेशेजारी मांडी घालून बसली. उज्ज्वलाने आधीचं नाव पुसून आपलं नाव घातलं. परवलीचा शब्द घातला. सगळ्यात शेवटचं पान आलं.

"आता हे दाबलं की पुसतंय," ती म्हणाली, आणि तिचं बोट काही केल्या खाली जाईना.

"कंचं दाबायचं?" कडूबाईने विचारलं.

"हे, आत्या."

"सरक." कडूबाईने आपलं जाड, भाकरीने भाजलेलं बोट टेकवलं आणि दाबलं. ज्या हाताने लेकाला पहिलं न्हाऊ घातलं होतं, तोच हात. बटणावर थोडं पीठ राहिलं. ती उठून करपलेली भाकरी काढायला गेली, आणि पाठमोरी असल्यामुळे तिचा चेहरा सटवाला दिसला नाही.

एक पट्टी हळूहळू भरायला लागली. मध्येच वरचा बल्ब लुकलुकला आणि सटवाने मनातल्या मनात धोंडीरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण लाईट गेली नाही. सटवाच्या अंगठ्याची जाणीव गेली, मग मनगटाची गेली, मग खांद्यात कळ आली. उज्ज्वला म्हणाली, "मामा, मी धरू का जरा?" तो म्हणाला, "पिन काय हातोहाती द्यायचं पोर हाय व्हय? तू पट्टी बघ."

पट्टी भरली. पेनड्राईव्ह काढायला सांगितलं, तो काढला. पडदा काळा झाला. सटवाने वाकून पिनेकडे पाहिलं, आपलाच अंगठा सरकला की काय म्हणून. पण लगेच उजेड आला आणि त्यावर अक्षरं उमटली. या वेळात शेळी पिळून व्हायची तर सोडाच, तिची आचळंही धुऊन झाली नसती.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"उज्ज्वला," उज्ज्वला म्हणाली. आपलंच नाव ती अशा आवाजात म्हणाली की जणू कुणीतरी दुसऱ्याने तिला हाक मारली होती.

सटवाला इतका आनंद झाला की त्याने दोन्ही हात वर केले. आणि पडदा काळा.

"मामा!"

"आत्याऽऽ!" सटवाने घाबरून बायकोलाच हाक मारली, सून मारते तशी. कडूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. परमेश्वर गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. काही बिघडलं नव्हतं. पिन पुन्हा धरली, बटण दाबलं, आणि नाव पुन्हा आलं.

सगळं काही एका दिवसात जमलं नाही. मराठी कळफलक चालू होईना. तो कुठल्या खिडकीत आहे ते शोधायला उज्ज्वलाने तौसीफला इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, ताई, आता तुमीच दुकान टाका. पिनेचा भाग आला आणि सटवाचा अंगठा मोकळा झाला. लॅपटॉप पळायला लागला, म्हणजे त्याच्या वयाच्या मानाने पळायला लागला. उज्ज्वलाने एकदा विचारलंही, "आत्या, ह्यांचा फोटो लावू का पडद्यावर?" कडूबाई म्हणाली, "नगं. भिंतीवर हाय त्यो. तू काम कर." ऑफिसातून आली की चहा पिऊन उज्ज्वला बसायची आणि जेवणं होईपर्यंत बोटं चालवायची. सटवा ओट्यावर बसून ऐकायचा. कळप घराकडे परत येताना खुरांचा आवाज जसा आधी तुटक आणि मग सलग येतो, तसा तो आवाज आठवड्या-आठवड्याने सलग होत गेला. ते ऐकून त्याला कुणाला तरी बोलवून आणावंसं वाटायचं.

ती पास झाली. निकाल मोबाईलवर आला तेव्हा सटवा माळावर होता. कडूबाई एवढ्या लांब चालत आली, आणि त्याच्यासमोर उभी राहून नुसती होकाराची मान हलवत राहिली. त्या दिवशी सटवाने म्हाळूला मुद्दाम गाठून विचारलं, "काय बे, पिन धरायची हाय का कुनाची?"

पुढच्या बाजाराला तो एक बोकड विकायला गेवराईला गेला. काम लवकर उरकलं आणि पाय ऑफिसच्या रस्त्याला लागले. परमेश्वर होता तेव्हा दर बाजाराला तो इथे यायचा. दारात कुणी हटकलं की छाती काढून सांगायचा, मी परमेश्वरचा बाप. लेक गेल्यापासून या रस्त्याने तो फिरकला नव्हता. दारात कुणी विचारलं तर सांगायचं काय, हेच त्याला सुचत नव्हतं.

दारात नवा शिपाई होता. त्याने सटवाचं धोतर, काठी, खांद्यावरचं घोंगडं पाहिलं.

"बाबा, कोन पायजे? कुनाचे तुमी?"

सटवाने घोंगडं खांद्यावर सारखं केलं.

"उज्ज्वलाबाईचा सासरा हाय मी," तो म्हणाला.

"म्याडमचे व्हय? मग भायेर कावून? या की आत, बसा खुर्चीवर. काम चालू हाय त्येंचं, बोलवू का?"

"नगं, नगं. करू दे." सटवाने पायताण काढून भिंतीशी नीट ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आत, खिडकीजवळच्या टेबलापाशी उज्ज्वला मान खाली घालून टाईप करत होती. "हितूनच दिसती मला," तो म्हणाला.